ओल

व्हर्नाच्या अक्षरातला कागद फ्रीजवर चिकटवलाय.
एक कप ओट्स, एक कप खोबरं, एक कप मैदा.
साखर नेहमीची. लोणी नेहमीचं.
त्रेचाळीस वर्षं खाल्ली मी ही बिस्किटं
आणि नेहमीचं म्हणजे किती
हे विचारायचं राहूनच गेलं.

पहिला घाणा करपला.
दुसरा पसरत पसरत ट्रेभर एकच बिस्किट झाला,
कुत्र्यानं हुंगलं आणि मान फिरवली.

बाहेर रॉक्सबर्गमध्ये एप्रिल मुरत चाललाय.
जर्दाळूची पानं पिवळी, नदी हिरवी,
पंचवीस तारीख परवावर आली.
पहाटे स्मारकाशी जायचं, नंतर हॉलमध्ये चहा,
आणि चहाच्या टेबलावर यंदाही
एका निळ्या डब्याची जागा धरून ठेवलेली असेल.
तिथं दुकानातलं पाकीट कसं मांडू?

सिरपचा चमचा आधी गरम पाण्यात बुडवायचा,
एवढी एक युक्ती मला ठाऊक,
कारण तो चमचा चाटायचा मान माझा होता.
पातेल्यात लोणी विरघळलं, सिरप विरघळलं,
सोडा टाकला तसं सगळं फसफसून वर आलं.
उतू नकोस, मातू नकोस, म्हणालो,
तरी थोडं उतलंच शेगडीवर.

काल्सकाऊ दारात उभा, बूट बाहेर काढून.
वानुआतूहून सफरचंदं तोडायला येतो दरसाल.
पाकिटातलं खोबरं त्यानं चिमटीत धरलं,
जिभेवर ठेवलं, बराच वेळ विचार केला.
"डेस्मंड, हा लाकडाचा भुसा आहे."
मग खुर्ची ओढून बसला
आणि भुशाच्या गोळ्या वळू लागला,
अक्रोडाएवढ्या, एकसारख्या.
माझ्या गोळ्या कुणी बटाट्याच्या म्हणाव्यात.

फडताळात मागे बरणी होती.
तिनंच वाळवलेले जर्दाळू, शेवटच्या उन्हाळ्यातले.
चाळीस वर्षं मी त्या झाडांच्या फांद्या छाटल्या
आणि दर एप्रिलला विचारलं, घालूया का चार?
दर एप्रिलला तिचं एकच उत्तर,
जर्दाळू झाडावर शोभतो.
मनुका नाहीत, क्रॅनबेरी तर नाहीच,
शेजारची एकदा सुकी केळी घालून घेऊन आली
तेव्हा ही इतकं गोड हसली
की ती बाई दोन वर्षं फिरकली नाही.

ज्याला लांब जायचं, त्यात ओल नको,
असं तिची आई सांगे.
आईनं भावाला डबा पाठवला होता, लेस्टरला,
जाड कापडात शिवून, समुद्रापार.
सात महिन्यांनी परत आला, शिवण न उसवलेली.
घरात कुणी रडलं नाही म्हणे,
आईनं कात्रीनं टाके कापले, झाकण काढलं,
एक बिस्किट मोडून पाहिलं.
कडक. अगदी कुरकुरीत.
ही गोष्ट व्हर्ना फक्त एकदाच बोलली,
मळताना, माझ्याकडे पाठ करून.

तिसऱ्या घाण्यात मी जर्दाळू चिरून घातले.
काल्सकाऊनं विचारलं, कागदावर आहे का?
नाही म्हटलं.

ओव्हनचं दार उघडलं तेव्हा
कडांवर तांबूस, मध्ये फळांचे डाग,
थोडी वेडीवाकडी, पण वेगवेगळी सुटलेली.
जिथं जिथं जर्दाळू तिथं तिथं मऊ.
उद्यापर्यंत आणखी मऊ पडतील.
पडू देत.
यांना कुठं जायचंय?
या स्वयंपाकघरातून त्या हॉलपर्यंत,
चालत सहा मिनिटं,
माझ्या गुडघ्यांना अकरा.

काल्सकाऊनं चार खाल्ली, दोन खिशात टाकली.
मी सिंकपाशी उभा राहून एक खाल्लं.
व्हर्ना, नेहमीची साखर
मी जरा जास्तच धरली बघ.