पेन्सिलीनं

बँडच्या खोलीतल्या तिसऱ्या कपाटाची किल्ली
एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे.
निवृत्त झाले, नवरा गेला, गुडघे बदलले,
किल्ली तेवढी कुणी परत मागितली नाही.

ऑगस्टात व्हर्लिन टेश्के येतो, शर्टावर घामाचे नकाशे,
म्हणतो, डोरीन, यंदा काय वाजवायचं?
त्याचं ठरलेलं असतं.
विचारायची आपली रीत.

परेडचं सोपं. तळहाताएवढी कार्डं,
वाद्यावरच्या चिमट्यात अडकवायची,
कडांना तीन पिढ्यांच्या अंगठ्यांचं तेल.
धान्याच्या कोठारापासून कोर्टापर्यंत नऊशे पावलं,
मधे रूळ,
आणि पुढे घोडेवाल्यांचा क्लब,
म्हणजे खाली बघत वाजवता येईल असंच हवं.
ट्रिओ गोड हवा आणि तो कोर्टासमोर यायला हवा,
पेट्रोल पंपासमोर आला की वाया.
सहा-आठचा ठेका घ्यावा तर नववीची पोरं बदकांसारखी डुलतात,
दोन-चारचा घ्यावा तर पावलं सरळ, चेहरे लाकडी.
सुझाफोनवाल्या टेटमचं म्हणजे नाकापेक्षा मोती जड,
त्याला मी दर चौथा सूर माफ करते.

घोडं अडलं ते मैदानावरच्या शोपाशी.
रशियन, व्हर्लिन म्हणाला.
जाड पितळ, परीक्षकांना आवडतं,
ऐकायला अवघड, वाजवायला नाही,
आणि शेवटी तोफा,
एरवी ढोलवाल्या पोरांना बिचाऱ्यांना काय काम?
खरं होतं ते. मीही वाजवलंय, दुसरी क्लॅरिनेट, कधीकाळी;
तळाचे सूर असे की
बाकांचं ॲल्युमिनियम दातात उतरतं.
मी एवढंच म्हटलं: ओस्ताप.

व्हर्लिननं टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.

ओस्तापचा बाप मांसाच्या कारखान्यात रात्रपाळीला.
मिकोलाइव्हहून नेब्रास्काला यायला
त्यांना अकरा महिने लागले, मांजरासकट.
लॉकरपाशी व्हर्लिन त्याच्याशी बोलला, चाचरत,
मी झेरॉक्सच्या मशीनमागून ऐकत होते.
पोरगा म्हणाला, बॅरिटोनला नेहमी उरलंसुरलं मिळतं,
यात धून आहे.
मग वाजवशील?
चालायला तर येईन, म्हणाला.

ऑक्टोबरातला शुक्रवार. दिव्यांभोवती किडे,
मक्याची धूळ, पॉपकॉर्नचा तुपकट वास.
चाळीस यार्डांच्या रेषेवर धून बॅरिटोनकडे आली.
ओस्तापनं वाद्य उचललं, नव्वद अंशात कोपर,
आठ पावलांत पाच यार्ड, मग पुन्हा आठ,
रेघ कुठेही न मोडता.
बोटं चालली. गाल फुगले नाहीत.
सोळा पावलं.
बाकीच्या दोघांनी धून ओढून नेली, अर्ध्या ताकदीनं,
लोकांना वाटलं वारा फिरला असेल.
तोफांच्या ठोक्याला सगळ्यांनी मान वळवायची असते.
त्यानंही वळवली, एक ठोका उशिरा.

सोमवारी मी कपाट उघडलं,
त्याचं पान काढलं
आणि त्या सोळा पावलांवर
सुरांच्या डोक्यांवरून, हलक्या हातानं,
विराम काढले. पेन्सिलीनं.
शाईनं काढून चालत नाही: पान शाळेचं,
पुढच्या वर्षी हा खोडरबर मागायला येईल,
नाहीतर येणार नाही.
व्हर्लिनला सांगितलं नाही.
त्याला ऐकू आलं असेल तर त्यानंही मला सांगितलं नाही.

शनिवारी सुगीची परेड.
घोड्यांनी केलं ते केलंच, मारिसेलची पिकोलो शेणावरून उडी मारताना
एक सूर गिळून पुढे गेली.
ट्रिओत बॅरिटोनची ती मधली धून असते ना,
ओस्तापनं ती अशी फुंकली
की कानाच्या पाळ्या लाल.

ट्रिओ कोर्टासमोर आला का?
कुठला. यंदाही पेट्रोल पंपासमोरच.
पिकअपच्या टाकीत नळी तशीच ठेवून
एक माणूस वळला,
आणि आकडे पळत राहिले.