दार बंद

ऐरोलीच्या दोन खोल्यांत रात्री अडीच वाजता
मी दीर्घिका मोजते आहे.
एकोणीस हजार चारशे बारा.
प्रत्येकीपुढे तिच्या उजेडाचा आकडा,
आणि सगळ्यांमधून जाईल अशी एक रेघ हवी आहे मला:
मंद बाजूला संथ चढत गेलेली,
एका जागी गुडघ्यासारखी वाकलेली,
आणि त्यापुढे, जिथे झगझगीत म्हणाव्यात अशा थोड्याच,
कड्यावरून पडावी तशी खाली.

गुडघा जमला. कडाही.
मंद टोक ऐकत नाही.

बाबा, तुम्ही आत घोरताय.
एकतीस वर्षं मीटर रीडर,
दिघा, इलठणपाडा, रबाळ्याच्या कंपन्यांमागच्या चाळी,
सायकल, बॅटरी, कानावर पेन्सिल.
एका कंपनीचं बिल अख्ख्या पाड्याहून मोठं,
आणि पाडा मात्र चालून संपायचा नाही.
कोणाचा मीटर खुराड्यामागे,
कोणाची काच चुलीच्या धुराने आंधळी,
कोणी आकडा टाकून घेतलेली वीज
जिचा आकडा कुठल्याच वहीत नाही.
कुलूप दिसलं की तुम्ही लिहायचात, दा. बं.
मी विचारलं होतं, मग त्यांनी जाळलेले युनिट?
शेजारची तसलीच घरं बघायची, म्हणालात,
आणि सरासरी टाकायची.
घरच नाही असं लिहायला
मंडळाने मला पगार देत नाहीत.

तेजस्वी दीर्घिका लांबून कळते,
कंपनीचं गेट हायवेवरून कळावं तशी.
मंद दिसते ती शेजारपाजारची तेवढीच.
म्हणून जवळच्या एका मिणमिणतीला
माझा प्रोग्रॅम वजन देतो,
अठ्ठावीसचं, कधी दोनशे दहाचं.
तू एकटी सापडलीस बाई,
तुझ्यासारख्या इतक्या धरते.

परवा गाईड म्हणाले,
तेवढं टोक काप, पेपर सुबक होईल.
मी हो म्हणाले.
घरी येऊन माळ्यावरची तुमची वही काढली,
का ते विचारू नका.
अडुसष्ट नंबर, सलग अकरा महिने दा. बं.,
आणि समासात बारीक अक्षरात:
आत माणूस आहे. कंदील वापरतो.

बाबा, याला वजन कसं द्यायचं?
शेजारच्या घरांवरून हा निघत नाही.
आभाळाच्याच उजेडात मिसळून गेलेल्या,
इतक्या विरळ पसरलेल्या दीर्घिका असतील,
समोर असूनही काचेवर न उमटलेल्या.
माझी सरासरी त्यांच्या दारापर्यंत जात नाही.

पारसिकच्या डोंगरावर एक दिवा हलतो आहे,
कोणी उतरतंय किंवा चढतंय.
मी टोक कापलेलं नाही.
तिथून पुढे रेघ तुटक केली आहे,
त्रुटीच्या दांड्या कागदाबाहेर गेल्या तर जाऊ देत.
प्रोग्रॅमच्या त्या ओळीशेजारी, यंत्र वाचणार नाही अशा जागी,
दोन अक्षरं टाकली आहेत.
गाईड विचारतील.

तुम्ही उठलात की मला एवढंच सांगा,
अडुसष्ट नंबरला बाराव्या महिन्यात
तुम्ही शून्य लिहून
त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल का काढला होता.