अ‍ॅव्हरेज

मत्राहच्या धक्क्यामागे, गोदाम क्रमांक नऊ.
कंटेनर उघडला तर आत समुद्र.
चाळीस गाद्या पाणी पिऊन एवढ्या फुगलेल्या
की शेजारची मेथीची पोती अंग चोरून बसलेली.
मी फॉर्मवर लिहिलं : वन गुड्स डॅमेज्ड.

सर्वेअर हसला. म्हणाला, गुड्सला एकवचन नसतं.
एकटा गुड म्हणजे नुसता चांगला,
त्याला एस चिकटला की तो माल.
कात्री एक असली तरी इंग्रजीत दोन,
न्यूजला शेपटी आहे तरी ती एकटी,
आणि फर्निचर घरभर पसरलं तरी मोजायचं नाही.
मी मान हलवली.
सतरा वर्षं हलवतोय.

दाराशी खल्फान खजूर निवडत बसलेला.
त्याच्या जिभेला प चालत नाही,
पेपरचा बेबर होतो,
माझ्या पुष्करचा बुष्कर.
पण शब्दाची खोड तो खजुरासारखी दाबून ओळखतो.

मॅट्रेस ना, म्हणाला, आमचाच.
तरह म्हणजे टाकणं,
मत्रह म्हणजे टाकायची जागा.
नांगर टाकला की गाव,
अंथरूण टाकलं की गादी.
लिही तुझ्या बेबरवर,
चाळीस मत्रह मत्राहात बुडाले.

मला आठवली पहिली रात्र,
रुवीतल्या खोलीत सहा जणांत टाकलेली माझी चटई.
ते गाव होतं की अंथरूण, अजून ठरलेलं नाही.

ऑरेंजचा पहिला न प्रवासात कुठेतरी गळला,
आमच्या नारिंगात तो अजून आहे.
मॅगझिन म्हणजे मखझन, कोठार,
म्हणजे आम्ही दोघं त्या क्षणी मासिकातच बसलो होतो.
खल्फानला हे सांगितलं. त्याने एक खजूर दिला.

मग खालचा रकाना आला : अ‍ॅव्हरेज.
माझं पेन थांबलं.

गुरुवारी रात्री हाच शब्द फोनवरून आला होता.
दहावीची चाचणी, बाईंचा शेरा.
मी ओरडलो, यासाठी का मी इथे भाजतोय?
पलीकडे काहीच नाही.
मग वृंदा म्हणाली, तो जेवला नाही.

खल्फानने बोट ठेवलं. हाही आमचा. अवार.
अवार म्हणजे माल खराब होणं.
वादळात गलबत वाचवायला
कुणा एकाचा माल पाण्यात फेकत,
आणि किनारा लागला
की ज्याची पोती कोरडी राहिली
तोही त्या नुकसानात आपला वाटा भरे.
वाटा करता करता फिरंग्याने त्याचं गणित केलं,
गणितातून मार्क काढले.

गोदामात गाद्यांमधून पाणी ठिबकत होतं.

आमचं गलबत लागलं किनाऱ्याला.
देवरुखला स्लॅब पडला, बोअरला पाणी लागलं,
आईचा मोतीबिंदू निघाला.
वादळात फेकलं काय होतं?
त्याचं पहिलं पाऊल मी पाहिलं नाही.
त्याला सायकल शेजारच्या शिंप्याने शिकवली.
मुंज दोनदा पुढे ढकलली, रजेसाठी.
कोरड्या पोत्यांवर बसून
मी त्यालाच विचारत होतो, तुझा माल कुठे?

संध्याकाळी धक्क्यावर गेलो. फोन लावला.
काय बोलायचं ते पाठ केलं होतं,
अवार, गलबत, वाटा, सगळं क्रमाने.

बोला, तो म्हणाला.

मागच्या वर्षीपर्यंत बोल म्हणायचा.
बोल ना बाबा, असं एका दमात.
आता बोला. आदरार्थी.
मी एकटा, क्रियापद अनेकवचनी.
कात्रीसारखा.

पाठ केलेलं सगळं विसरलो.
विचारलं, जेवलास का?