एकास एक

सार्पीच्या नाक्यापासून नव्वद पावलांवर आमची टपरी.
एका अंगाला काळा समुद्र, दुसऱ्या अंगाला ट्रकांची रांग,
मधे काचेआड नाझिब्रोलामावशी, मांडीवर वही.

बाहेर खिळ्यांना आकडे टांगायचं काम माझं.
वरती लारी, खाली लिरा.
दोन्ही नऊ वाऱ्यानं समुद्रात नेले
तेव्हापासून सहाच उलटा करून लावतो.
अजून कुणी तक्रार केलेली नाही.

मावशीच्या वह्या सात.
पहिलीत एका लारीला चाळीस हजार लिरा.
इतकी शून्यं लिहायचा तिला कंटाळा,
त्यांच्या जागी चहाची पानं काढलीत, बारीक, देठासकट.
मग एका नवीन वर्षाला पलीकडच्यांनी सहा शून्यं पुसली
आणि उठून बघतो तो
आमची लारी पाऊण लिऱ्याची.

त्या वर्षांत इकडच्या बायका तिकडे जायच्या
होपाच्या चढांवर चहा खुडायला.
मावशीही गेली. मनगटं अजून दुखतात, ती म्हणते,
पण दर चांगला होता.

वह्यांच्याही आधीचं सांगते कधी कधी.
नाका बंद होता, गावाच्या मधून तार.
इकडे कुणी गेलं की बायका तारेशी उभ्या राहून रडायच्या
आणि रडण्यात नावं गुंफायच्या, लाझ भाषेत.
शिपायांना वाटे नुसता आक्रोश.
तिकडे पोहोचायचं सगळं. वटाव न कापता.

चौथ्या वहीत एक पान आहे,
त्यावर एवढंच: १ = १.
कॅल्क्युलेटर लागू नये असा सगळ्या वह्यांत तेवढाच काळ.

त्याच हंगामात ती फादिमेकडे होती,
चुलत बहीण, पलीकडची.
बारा दिवस खुडणी झाली आणि इकडे आजी जिन्यावरून पडली.
मावशी रातोरात निघाली, मजुरी तशीच.
फादिमे म्हणाली, राहू दे माझ्याकडे,
लिरा काय नि लारी काय.

नंतर कात्रीवरून बिनसलं.
कात्री कुणाची होती
ते पुढे दोघींनाही आठवेना, पण तोवर
बोलणं बंद होऊन वर्षं झाली होती.

आकडे मात्र बोलत राहिले.
सव्वा. दीड. अडीच.
एका डिसेंबरात मी दिवसातून चारदा शिडीवर.
पाच म्हणता म्हणता सहा,
आणि मग पलीकडून माणसं बॅगा घेऊन यायला लागली
आमच्याकडे कामाला.

परवा फादिमेचा मुलगा आला, सेलामी.
हातात हलव्याचा पत्र्याचा डबा.
आईनं जाताना सांगितलं, म्हणाला,
हे सार्पीच्या नाझीचे.
आत पन्नासाच्या दहा नोटा, कोऱ्या राहिलेल्या,
झाकणाच्या आतून तारीख, खिळ्यानं कोरलेली.

मी सवयीनं बाहेर पाहिलं. १२.६९,
त्यातला शेवटचा उलटा सहा.
बोटांनी आपोआप केलं ते:
एकोणचाळीस लारी चाळीस तेत्री.
तेव्हा त्यात म्हातारी का होईना, गाय आली असती.
आज गायीच्या दुधाचं चीज येईल,
तेही फार मोठं नाही.

मावशीनं नोटा मोजल्या.
दोनदा. थुंकी लावून, गिऱ्हाइकाच्या मोजते तशा.
मग म्हणाली, कधी गेली?
मार्चमध्ये.
मला कुणी सांगितलं नाही.
सेलामी ट्रकांकडे बघत राहिला.

तिनं चौथी वही काढली, सातवी नव्हे.
त्या पानावर, एकास एकच्या खाली,
आजची तारीख घातली, पाचशे मिळाले असं लिहिलं,
आणि पेन तसंच धरून बसली.
एवढ्या नोटा गेल्या तिच्या हाताखालून,
बट्टा किती, हा प्रश्न तिला कधी अडला नव्हता.

त्याला तिनं संत्र्यांची पिशवी दिली.
डबा ठेवून घेतला.
तो नाक्याकडे वळला तशी खिडकीतून हाक मारून म्हणाली,
कात्री तुमचीच होती.

त्याला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.
संध्याकाळी दर पुन्हा हलला,
मी शिडी घेतली.