बासष्टचा पाढा

जायच्या आठवडाभर आधी
ह्यांनी मुलांना पाढा शिकवला, बासष्टचा.
बासष्ट एके बासष्ट,
बासष्ट दुणे एकशे चोवीस.
शाळेत तीसच्या पुढे कुणी विचारत नाही,
पण तिथला एक डॉलर म्हणजे आपले बासष्ट रुपये,
आणि सिंगापूर म्हणजे काही
करावे गावची जत्रा नव्हे,
म्हणाले, हात सैल सोडायला.

सुकटीची चटणी तीन पिशव्यांत बांधली होती.
तरी विमानतळावर वास सुटला,
आणि हर्षिलने आपल्याच बॅगेकडे
परक्याच्या बॅगेकडे बघावं तसं बघितलं.

तिथे सिंहाच्या तोंडाचा मासा
दिवसभर चूळ टाकत उभा असतो.
आमच्या बसमधले एकेचाळीस जण
हात पुढे करून ती चूळ ओंजळीत धरत होते, फोटोपुरती.
हर्षिल नव्हता त्यात.
त्याला एका दुकानाच्या दारात
ओल्या छत्रीला पिशवी घालून देणारं यंत्र सापडलं होतं.
कोरडीच छत्री घेऊन तो आठ वेळा गेला.
यंत्राने आठही वेळा
काही न विचारता पिशवी घातली.

पक्ष्यांच्या बागेत मुलांचं तिकीट तीस.
"अठराशे साठ!" हर्षिल खिडकीपाशीच ओरडला,
आणि ह्यांनी इकडेतिकडे बघितलं.
आत, तळ्यात, एका पायावर, गुलाबी.
दुर्वा म्हणाली, "हे तर आपले!"
टूरच्या फणसेबाई हसल्या. "अगं, हे लांबून आणलेत."
"नाही. आपल्या खाडीतले. मी ओळखते."
व्हिडिओ कॉलवर मामंजींना दाखवले.
उभा जन्म मिठागरात गेलेला माणूस,
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला,
"आपले खारीन फुकट येतान ते."
ह्यांनी फोन बंद केला.
रोमिंग होतं.

पाचव्या दिवशी, मॉलमध्ये,
सरकत्या जिन्याच्या टोकाशी आम्ही तिघेच पोचलो.

त्यानंतरची अकरा मिनिटं
कुणाच्याच मोबाइलमध्ये नाहीत.
हे खाली धावले. मी वरच,
हर्षिलचं मनगट वळ उठेल इतकं धरून.
देवाचं नाव घ्यायचं होतं, खरंच घ्यायचं होतं,
तोंडातून आलं, बासष्ट सक तीनशे बाहत्तर,
बासष्ट सत्ते चारशे चौतीस,
आणि पुढचं आठवेना,
आणि हर्षिल, रडत रडत, पुढचं सांगत होता.

सापडली तेव्हा ती
पोलीसबाईंच्या खुर्चीत पाय हलवत बसली होती.
हॉटेलचं नाव तिला माहीत नव्हतं.
पत्ता विचारला तर तिने सांगितला होता:
करावे गाव, तलावाच्या मागे, दुसरं घर,
बाहेर निळी टाकी आहे.
बाईंनी कागदावर सगळं लिहून घेतलं होतं,
इंग्रजीत, जमेल तसं. टाकीसुद्धा.

बसमध्ये कुणीतरी टाळ्या वाजवल्या.
ह्यांनी दोन्ही मुलांना आइस्क्रीम घेऊन दिलं
आणि किती झाले ते विचारलं नाही.

आता परतून महिना झाला.
वाशीच्या नणंदबाई आल्या, सीवूड्सचे मावसदीर आले,
चॉकलेटं वाटली, चुंबकं वाटली.
"काय काय पाहिलंत रे?"
हर्षिल छत्रीचं सांगतो, हातवारे करून.
दुर्वा म्हणते,
"तिथे एक बाई आहेत.
त्या संत्र्याच्या सगळ्या पांढऱ्या शिरा काढतात,
मग देतात."
बस, एवढंच. पाहुणे माझ्याकडे बघतात.
मी चहाला म्हणून आत जाते.

काल बाजारातून संत्री आणली, मोसम नसताना, महाग.
ओट्याशी उभी राहून एकेक शीर काढत बसले.
नखं आंबट झाली. तिने खाल्लं.
म्हणाली, "त्यांनी अजून बारीक काढल्या होत्या."