बटाटे शिजेपर्यंत

पुंता अरेनासला वारा न विचारता आत येतो.
एलिसेओ बार्रिया, पंक्चरवाला, वय एक्कावन्न,
शटर ओढून आडव्या टायरवर बसतो.
गिटार भाडेकरूची. तीन महिन्यांचं भाडं बुडवून गेला,
ही तेवढी ठेवून गेला.

तळव्यांना घट्टे आहेतच,
पण तार रुतते ती बोटांच्या टोकांना,
जिथे आजवर कुणी काही मागितलं नव्हतं.

सी जमतो. जी, रडतखडत.
एफला तर्जनी आडवी, सहाही तारा दाबून,
आणि आवाज निघतो
व्हॉल्व्हमधून हवा सुटल्यासारखा.
पुन्हा. पुन्हा.
भिंतीवर खडूच्या रेघा: आज किती वेळा.
सत्तेचाळिसाव्या दिवशी त्याने खडूच फेकून दिला.

नऊ दिवस गिटार कंप्रेसरमागे, तोंड भिंतीकडे.
दहाव्या संध्याकाळी शेजारची ओतिलिया दारात,
हातात पातेलं.
"बंद का केलंस?
तुझी ती तीन सुरांची रड वीस वेळा झाली
की माझे बटाटे शिजायचे.
घड्याळ कधीचं बिघडलंय. आठवडाभर खातेय,
एकदा कच्चे, एकदा गाळ."

तो हसला नाही.
ती गेल्यावर जॅक पुसत बसला, पुसलेलाच.
मग तारांवरची धूळ फुंकली.
पाचवी उतरली होती, कान लावून पिळत गेला.

सी. जी. एफ.
हवा सुटलीच.
पण तिसऱ्या तारेतून, निसटता,
एक स्वच्छ थेंब.

भिंतीपलीकडे झाकण वाजलं.
एक, त्याने मोजलं.