धायरीच्या गच्चीवरून

टापकीर गल्लीत उमरजीने कॅमेरा उघडला,
सेन्सरवरची निळसर काच चिमट्याने उचलली,
म्हणाला, "ताई, आता लग्नाबिग्नात नेऊ नका हा."
मी नेला.
भाचीच्या हळदीचे फोटो कुंकवाचे झाले.
नणंद अजून नीट बोलत नाही.
पण ती काच गेल्याशिवाय
ते तांबडं आत येतच नाही.

दिवसभर मी एक्स-रे काढते.
श्वास धरा. सोडा.
रोज पन्नासेक छात्या.
काळ्यावर करडं, करड्यात किंचित जास्त करडं,
तिथेच असतं जे असतं.
रात्री तोच धंदा, फक्त पेशंट मोठा
आणि सांगून थांबत नाही.

आठव्या मजल्यावर, टाकीच्या आडोशाला,
तुंगारे काकांची जुनी लेन्स.
नारायण पेठेतली तीस वर्षांची लग्नं तिने पाहिली
आणि कडेला थोडी बुरशी धरली.
दंवाने धुरकटू नये म्हणून तिला
मुलाचा लोकरी मोजा घातलाय, टाच कापून.
समोर हायवेचा पिवळा,
खाली प्लायवूडच्या दुकानाचा पांढरा,
रात्रभर कुणाचं तरी बांधकाम.
फिल्टर सगळ्यांना दारातच अडवतो,
एकाच तांबड्याला सोडतो.
आमच्या वॉचमनपेक्षा कडक.

मृग वर येतो. चार पाय, पोटात बाण,
मागे व्याध, जणू त्याने काही केलंच नाही.
एवढं कुणालाही दिसतं, दाखवलं तर.
मला हवी ती त्याच्या भोवतीची कमान,
वीस पूर्णचंद्र ओळीने मांडले तरी उरेल अशी,
नुसत्या हायड्रोजनची, इतकी विरळ
की माझ्या एक्स-रे नळीतली पोकळीसुद्धा
तिच्यापुढे दाटीवाटीची.

सोसायटीचे मोघे म्हणाले,
"बाणाच्या जखमेचं असणार."
रक्त नका म्हणू हो.
रक्ताला इतका धीर नसतो.

पाच मिनिटांची एक फ्रेम.
तीन हिवाळे, दोनशे अकरा फ्रेमा.
लोहगावची विमानं, चोरून सिगारेट ओढायला येणारा
तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा,
टाकी भरून वाहिली ती रात्र.
आणि पहाटे, बोटं वळेनाशी झाली की,
लेन्सला टोपण घालून आणखी वीस,
निव्वळ काळोखाच्या.
त्यांत उमटतात ते कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष.
ते वजा करायचे.
(बरं आहे त्याचं.)

मग सगळं एकावर एक.
पुन्हा पुन्हा येतं ते राहतं,
एकदाच येतं ते गाळलं जातं.
लॅपटॉपचा पंखा रात्रभर घरघरला
आणि सकाळी ती होती:
पुसलेल्या पोळपाटावर
पिठाचा गोल उरतो ना, अर्धामुर्धा,
तशी.

तुंगारे काकांना दाखवली.
मोतीबिंदू काढून आठवडा झालेला.
काळा चष्मा कपाळावर सरकवून
बराच वेळ वाकून बघितलं.
"डाग आहे. बुरशी.
साफ करून घे म्हणालो नव्हतो?"
नाही काका.
कॅमेरा आडवा लावला, उभा लावला.
डाग काचेबरोबर फिरतो,
ही मृगाबरोबर फिरते.
"मग इतकी वर्षं कुठे होती?"
इथेच.
"माझ्या लेन्सने?"
हो.
डाग हा शब्द त्यांनी मागे घेतला नाही.
चहात साखर किती, ते विचारलं.

गाळलेल्यात एक उल्का होती.
सत्त्याऐंशीवी फ्रेम,
काक्षीपासून राजन्यापर्यंत एक सरळ रेघ.
त्या पाच मिनिटांत मी खाली होते,
दूध उतू जात होतं.
यंत्राने ती पुसली. नियमच तसा,
एकदाच आली होती.

ती फ्रेम मी बाजूला काढून ठेवलीय.
फोल्डरला नाव द्यायचं राहून गेलं.
अजून तो
"न्यू फोल्डर"च आहे.